नशा एक, कायदे तीन : दारू, गांजा आणि गाडीबद्दल मीरा-भाईंदरच्या घरांना काय माहीत हवं?

‘आपल्याकडे दारू हराम आहे, मग हे कायदे आपण कशाला वाचायचे?’ मीरा रोड, नया नगर, काशीमिरा, भाईंदर इथल्या अनेक मुस्लीम घरांत हा विषय एवढ्यावरच संपतो. अम्मी-अब्बांना वाटतं, मुलांना आपण चांगलं शिकवलंय, घरात कधी बाटली आली नाही, मग प्रश्न कुठे येतो?

पण पोलीस आणि न्यायालय फक्त ‘कोण प्यायलं?’ एवढंच विचारत नाहीत. गाडी कोणाच्या नावावर आहे? ती कोण चालवत होतं? डिकीत काय सापडलं? पार्सल कोणी दिलं, कोणी नेलं? मुलाचं वय किती? या प्रश्नांमध्ये आयुष्यात कधी थेंबही न घेतलेला माणूस अडकू शकतो. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणारे, हॉटेलात काम करणारे, घरपोच डिलिव्हरी देणारे, आखाती देशांत नोकरीला असणारे असे कमावते हात आपल्या घरांत आहेत. त्यांच्यावर एक गुन्हा दाखल झाला तर लायसन्स, पासपोर्ट आणि रोजी या तिन्हींवर गदा येते.

त्यात आपलं शहर मोक्याच्या जागी वसलंय. मुंबई-अहमदाबाद महामार्ग दहिसर चेकनाका ओलांडून काशीमिऱ्यातून जातो. तिथूनच घोडबंदर रस्ता ठाण्याकडे वळतो आणि वर्सोवा पुलावरून वसई, पालघर, पुढे गुजरात. महामार्गाच्या कडेला बार आणि लॉज आहेत, पश्चिमेला उत्तन-गोराईची रिसॉर्ट्स. थर्टी फर्स्ट, होळी किंवा गटारी आली की नाकाबंदी ठरलेली. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही आहे. म्हणून ही माहिती सोप्या भाषेत, एका जागी.

आधी एक घोळ सोडवू या

हराम असणं आणि गुन्हा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने परवाना दिला म्हणून दारू हलाल होत नाही, आणि एखादी गोष्ट हराम आहे म्हणून ती आपोआप गुन्हाही ठरत नाही. आपल्या दृष्टीने नशा ती नशाच, मग ती बाटलीतली असो की पुडीतली. कायदा मात्र तिचे तीन भाग करतो.

दारूचा कायदा राज्याचा आहे. राज्यघटनेने हा विषय राज्यांकडे सोपवलाय, त्यामुळे महाराष्ट्रात एक नियम, गुजरातमध्ये दुसरा, गोव्यात तिसरा. गांजा, चरस, एमडी यांचा कायदा मात्र केंद्राचा आहे आणि तो काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारखाच. तिसरा मोटार वाहन कायदा, तोही केंद्राचा. कोणता कायदा कुठे लागतो हे कळलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

दारू : महाराष्ट्रात ‘बंदी’ आहे, आणि परवानेही आहेत

बऱ्याच जणांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण महाराष्ट्रात आजही दारूबंदीचा कायदा लागू आहे. त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी हाच मुंबई दारूबंदी अधिनियम होता. कायद्याची रचना अशी की दारू बनवणं, नेणं, विकणं, बाळगणं, पिणं हे सगळं मुळात बंद, आणि ज्याच्याकडे परवाना त्याला सूट. म्हणूनच आपल्याकडे बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असू शकतो.

वयाची अटही आहे. बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षं, तर व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक दारूसाठी २५. ‘अठरा पूर्ण झाली, आता सगळं चालतं’ असं कॉलेजची मुलं समजतात, ते चूक आहे. जुलै २०२४ मध्ये वरळीत एका बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या जोडप्याला उडवलं आणि त्यात महिलेचा जीव गेला. त्या प्रकरणात आरोपी २५ वर्षांखालचा असताना त्याला कडक दारू दिल्याबद्दल उत्पादन शुल्क विभागाने जुहूच्या एका बारवरही कारवाई केली. वाढणाऱ्यालाही हा नियम लागतो, हे हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या मुलांनी पक्कं लक्षात ठेवावं.

रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी नशेत झिंगणं, गोंधळ घालणं हा याच कायद्याच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे. खिशात परवाना असला तरी गोंधळ घालायची मुभा मिळत नाही.

अत्तर, सेंट, खोकल्याचं औषध यांत अल्कोहोल असतं, ते घरात ठेवलं तर? हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. शरियतच्या बाजूने काय ते आलिमांना विचारावं. कायद्याचं उत्तर जुनं आहे. १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली. त्यामुळे घरातल्या सेंटच्या बाटलीची चिंता नको.

आणि वस्तीतल्या दारूच्या दुकानाचा त्रास होत असेल तर? रहिवाशांना कायदेशीर मार्ग आहे. २००८ च्या सरकारी आदेशानुसार महापालिकेच्या प्रभागातही मतदारांनी सह्यांचं निवेदन दिल्यावर मतदान घेऊन दुकान बंद करता येतं. यालाच लोक ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात. हाऊसिंग सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा वाइन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असंही सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. तेव्हा सोसायटीच्या सभेला जा. मोहल्ल्यातल्या पोरांनी दुकानावर चालून जाण्याने मात्र उलट त्यांच्यावरच गुन्हे दाखल होतात.

महामार्गावर पुढे गेलं की नियम बदलतो

१९४९ चा हाच कायदा तेव्हाच्या अख्ख्या मुंबई राज्याला लागू होता. १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. महाराष्ट्राने पुढे परवान्यांची वाट मोकळी केली, गुजरातने बंदी कडक ठेवली. म्हणजे मूळ कायदा एकच, पण तलासरी ओलांडलं की त्याचा चेहरा बदलतो. गुजरातमध्ये २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू विकणं, खरेदी करणं, वाहून नेणं यासाठी १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रातलं परमिट तिथे चालत नाही. बाहेरच्या पाहुण्यांसाठी तिथला वेगळा परवाना असतो.

आता आपल्या घरांतला नेहमीचा प्रवास घ्या. अजमेर शरीफला जायला टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतो. गाडी काशीमिऱ्याहून निघते आणि वापी, सुरत, अहमदाबाद करत राजस्थानात पोचते. ड्रायव्हरने सीटखाली एक बाटली ठेवली असेल तर गुजरातच्या नाक्यावर अख्खी गाडी थांबते. बायका-मुलं, म्हातारी माणसं रात्रभर पोलीस ठाण्यासमोर बसतात. त्यात तुमची चूक नसली तरी सफर गेली ती गेलीच. म्हणून गाडी ठरवतानाच मालकाला स्पष्ट सांगा आणि निघण्याआधी गाडी नजरेखालून घाला.

दमणचंही तसंच. तो केंद्रशासित प्रदेश, तिथे दारू मिळते आणि स्वस्त मिळते. पण दमणहून मीरा रोडला रस्त्याने यायचं तर मध्ये गुजरात लागतं आणि मग महाराष्ट्राची हद्द. दोन्हीकडे तो माल बेकायदा. गोव्याहून येताना बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा चेकनाका आहे. कोकणात गावी जाणाऱ्यांना तो ठाऊक असेल. परराज्यातली दारू विनापरवाना आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि ज्या वाहनातून ती आणली ते वाहनही जप्त होऊ शकतं. कर्जावर घेतलेला टेम्पो एका ‘मित्राच्या खोक्यासाठी’ गमावायचा का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

महाराष्ट्राच्या आतही फरक आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली.

गांजा, चरस, एमडी : इथे वजन बोलतं

दारूच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा लवकर जामीन मिळतो. अमली पदार्थांचं तसं नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ हा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक. यात शिक्षा ठरते ती मुख्यतः मालाच्या वजनावर. कायदा तीन टप्पे करतो : अल्प प्रमाण, मधलं प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाण.

गांजा : १ किलोपर्यंत अल्प, २० किलोपासून व्यावसायिक.
चरस : १०० ग्रॅमपर्यंत अल्प, १ किलोपासून व्यावसायिक.
एमडी म्हणजे मेफेड्रोन : २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० ग्रॅमपासून व्यावसायिक.

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाण असेल तर किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं, आणि दंड १ ते २ लाख. शिवाय कलम ३७ मुळे व्यावसायिक प्रमाणात जामीन मिळणं फार कठीण. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायालयाला आधी खात्री पटावी लागते.

एमडीचा आकडा पुन्हा वाचा. ५० ग्रॅम म्हणजे चहासोबत खायच्या बिस्किटांचा छोटा पुडा. एवढ्याशा वजनावर दहा वर्षं. आणि ‘त्यात भेसळच जास्त होती’ असा बचावही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं की भेसळीसकट संपूर्ण मालाचं वजन धरायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मीरा-भाईंदर वसई-विरार पोलिसांनी तेलंगणातल्या चेर्लापल्ली इथल्या एमडी कारखान्यावर छापा घातला. आपल्या शहरात झालेल्या एका जप्तीचा धागा धरून ते तिथवर पोचले. साखळी लांबची असते, पण पकडला जातो तो बहुधा शेवटचा माणूस, जो गल्लीत पुडी पोचवतो.

भांगेचा वेगळा गोंधळ आहे. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्यात येत नाहीत. त्यामुळे भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांग बाळगणं किंवा घेणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतो. ‘तिकडे दुकानात खुलेआम मिळते’ म्हणून गोळ्या बॅगेत टाकून आणू नका.

गाडीत किंवा खोलीत माल सापडला तर तिथल्या सगळ्यांवर संशय येतो. माल ताब्यात सापडला की त्याची माहिती होती असं कायदा गृहीत धरतो, आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. जाणूनबुजून आपली जागा किंवा गाडी अशा कामाला वापरू देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. फ्लॅट भाड्याने देताना भाडेकरूची पोलीस नोंदणी करा असं सांगतात, त्याचं एक कारण हेही आहे.

गाडी : ३० मिलिग्रॅमची रेघ

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा. गाडी नीट चालवत होता की नाही, हे मग विचारलं जात नाही. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, आपल्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स निलंबित होऊ शकतं ते वेगळंच. रिक्षा-टॅक्सीवाल्यासाठी दंडापेक्षा हीच शिक्षा मोठी.

गांजा किंवा इतर नशेसाठी असा आकडा नाही. नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, एवढं दाखवलं की तेच कलम १८५ लागतं. ‘गांजा ओढला तर मशीनमध्ये येत नाही’ अशी पोरांमध्ये समजूत आहे. मशीनमध्ये येत नाही हे खरं, पण रक्त आणि लघवीच्या तपासणीत येतं. मग गाडीचा गुन्हा वेगळा आणि एनडीपीएसखाली सेवनाचा गुन्हा वेगळा.

आपण पीत नाही, पण आपल्याला नेणारा ड्रायव्हर पीत असेल तर? शरीरातून अल्कोहोल हळूहळू उतरतं, साधारण तासाला १५ मिलिग्रॅम या वेगाने. समजा, रात्री १ वाजता एखाद्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम होतं. सकाळी ७ वाजता तो आंघोळ करून, चहा पिऊन ताजातवाना दिसेल, पण रक्तात अजून ६० च्या आसपास असेल. मर्यादेच्या दुप्पट. लग्नाचं वऱ्हाड नेणारी बस, शाळेची व्हॅन, विमानतळाची टॅक्सी, सकाळी लवकर निघणाऱ्या अशा प्रत्येक गाडीसाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे. लिंबू, कॉफी, थंड पाणी यांनी तो वेग वाढत नाही.

अपघातात कोणी दगावलं तर मामला आणखी गंभीर. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो हे माहीत असून गाडी चालवली असं न्यायालयाला पटलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागून शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गाडीखाली सापडून मेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचाच गुन्हा कायम ठेवला. विमा कंपनीही अशा चालकाच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. मशीनची चाचणी झाली नसली तरी इतर पुराव्यांवरून नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय.

नाकाबंदीत थांबवलं तर

- गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, कागदपत्रं दाखवा. पळ काढणं किंवा हुज्जत घालणं यातून नवे गुन्हे लागतात.
- ब्रेथ अ‍ॅनालायझरला नकार देऊ नका. विनाकारण दिलेला नकार न्यायालयात तुमच्या विरोधात धरला जातो.
- औषधाचं सिरप किंवा माउथवॉश नुकतंच घेतलं असेल तर तसं आधीच सांगा. तोंडातला अंश साधारण १५ मिनिटांत जातो. चूळ भरून पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा.
- या गुन्ह्यात अटक झाली तर २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर सोडून देणं कायद्याने बंधनकारक आहे.
- कलम १८५ चा दंड रस्त्यावर भरता येत नाही. तो न्यायालयच ठरवतं. तेव्हा ‘इथेच मिटवून टाका’ असं कोणी म्हणालं तर ती सरकारी पावती नसते. तसे पैसे देणंही गुन्हा आहे.
- अमली पदार्थांसाठी अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीची मागणी करायचा हक्क आहे. बाईची झडती बाईच घेईल.
- अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर मोफत विधी सेवा मिळते. कोठडीत असलेल्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला ती उत्पन्नाची अट न बघता मिळते.

गाडी मुलाच्या हातात, गुन्हा बापाच्या माथी

१८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला, तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाला सिद्ध करावं लागतं. चावी टेबलावर पडलेली असते आणि ‘कोपऱ्यावरूनच आणतोय, अब्बा’ म्हणून पोरगा बाइक काढतो, तेव्हा हे कलम आठवावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून मुलाचे आई-वडील आणि ससून रुग्णालयाचे डॉक्टरही अटकेत गेले. वरळीच्या प्रकरणातही आरोपीच्या वडिलांना अटक झाली होती, मग जामीन मिळाला. मुलाला वाचवायच्या घाईत पुरावा लपवणं, दुसऱ्याला ‘मी चालवत होतो’ म्हणायला लावणं, मुलाला नातेवाइकांकडे पाठवून देणं, यातून आधी एकावर असलेला गुन्हा अख्ख्या घरावर येतो. जखमीला आधी दवाखान्यात न्या, मग पोलिसांना कळवा, मग वकील. क्रम हाच.

लहान मुलांचा वापर पार्सल पोचवायला करणारेही आहेत. बाल न्याय कायद्यात मुलाला नशेचा पदार्थ देणं किंवा त्याच्याकरवी नेणं-विकणं यासाठी ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडे अचानक नवा फोन आला, ‘एक पाकीट देऊन आलो, पाचशे मिळाले’ असं तो म्हणाला, तर कौतुक करू नका, चौकशी करा.

उमरा, दुबई, बँकॉक : बॅग कोणी भरली?

जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक नवविवाहित मुस्लीम जोडपं कतारला गेलं. नात्यातल्या बाईने सोबत दिलेल्या पाकिटात दोहा विमानतळावर ४ किलोहून जास्त चरस सापडलं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मूल तुरुंगात जन्मलं. इथे तपास होऊन फसवणूक उघड झाली, अपिलात दोघं सुटली आणि २०२१ मध्ये घरी परतली. जवळजवळ दोन वर्षं गेली ती एका पाकिटापायी.

खाला असो, फूफी असो की मस्जिदमधले ओळखीचे चाचा, दुसऱ्याने बांधून दिलेलं पाकीट उघडून बघितल्याशिवाय बॅगेत जाऊ देऊ नका. कोणाला राग आला तर येऊ दे. सौदी अरबस्तानात अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड आहे. आपल्या स्वयंपाकघरातली साधी खसखससुद्धा सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीत चालत नाही. ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी वेदनेची किंवा खोकल्याची औषधं तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी आणि आगाऊ परवानगी याशिवाय नेऊ नका.

बँकॉकचा सापळा नवा आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला, पुन्हा जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. मधल्या काळात आणि नंतरही मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून ‘हायड्रोपोनिक’ गांजा वारंवार पकडला गेला. तिकीट फुकट, हॉटेल फुकट, फक्त येताना एक बॅग आणायची, असं मुलाला कोणी म्हटलं तर ती ट्रिप थेट तुरुंगाची आहे.

मुलाला सवय लागली असेल तर

इथे आपल्या घरांत सर्वांत मोठी चूक होते, आणि ती कायद्याच्या अज्ञानातून होते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घर गप्प बसतं. मुलाला मारतात, खोलीत कोंडतात, गावी पाठवतात किंवा घाईने लग्न लावून देतात. मग एखाद्या रात्री पोलीस ठाण्यातून फोन येतो.

एनडीपीएस कायद्यातच एक दार उघडं ठेवलंय, कलम ६४-अ. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असेल आणि तिने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. मात्र माल विकणाऱ्याला किंवा जास्त वजनासह पकडलेल्याला हे दार नाही. सवयीचा खर्च भागवायला मुलगा आधी मित्रांना पुडी ‘काढून देतो’ आणि नकळत विकणाऱ्यांमध्ये जातो. म्हणून उपचार लवकर सुरू करण्याला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आहे.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची ‘मानस’ हेल्पलाइन १९३३ वर माहितीही देता येते, सल्लाही मिळतो. जवळच वसईला कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. कोणत्याही केंद्रात दाखल करण्याआधी ते सरकारमान्य आहे का, एवढं विचारा. कलम ६४-अ साठी ते लागतं.

‘हराम आहे’ हे मुलाला लहानपणापासून माहीत असतं. ते ऐकूनही जो घसरला, त्याला तेच पुन्हा ओरडून सांगितल्याने तो उठत नाही. त्याला वाटायला हवं की अम्मीला सांगितलं तर ती आधी डॉक्टरकडे नेईल. ही खात्री ज्या घरात आहे, तिथला मुलगा २ ग्रॅमच्या टप्प्यावर बोलतो. नसली तर ५० ग्रॅमच्या टप्प्यावर पोलीस सांगतात.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. जेवायला सगळे बसले की वजनाचे ते तीन आकडे, ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि दुसऱ्याच्या पाकिटाचा नियम मोठ्याने वाचा. बाइकची चावी कुठे असते ते बघा. आणि १४४४६, १९३३, १५१०० हे तीन क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये टाकून ठेवा. गरज पडली नाही तर शुक्र अल्लाहचा. पडली, तर रात्री दोन वाजता शोधत बसावं लागणार नाही.